खडकूरची वेस

११ मे

ही डायरी लोहाऱ्याच्या खतवाल्याने फुकट दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी युरियाची जाहिरात. लिहायला लावलं सोनालीने. म्हणाली, "साइटवरचा राग घरी आणून भांड्यावर काढता, त्यापरीस वहीवर काढा. वही तरी उलटून बोलत न्हाय." बायको उलटून बोलते हे तिनेच कबूल केलं, त्या आनंदात ही पहिली नोंद.

तर मी श्रीनाथ. एक जेसीबी, चार माणसं, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावावर केलेली कामं. आता पहिल्यांदा स्वतःच्या नावाने वर्क ऑर्डर आली. खडकूर गावचा रस्ता रुंद करायचा. वाटेत गावची जुनी वेस आडवी येते. काळा दगड, दोन्ही बाजूंना जाडजूड भिंती, वर कमान. उसाची ट्रॉली आत शिरत नाही, दर हंगामात एखादी अडकतेच. वेस पाडायची, मुरूम भरायचा, डांबर ओतायचं. जेसीबीला असं काम म्हणजे नाश्ता.

खडकूर माझं आजोळ. पण ते नावापुरतं. आई किल्लारीच्या भूकंपात गेली, दगडी भिंतीखाली. मी तीन वर्षांचा होतो, बाजेखाली सापडलो म्हणतात. घराबरोबर घरातलं सगळं गेलं, तिचा एक फोटोसुद्धा उरला नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्यानंतर खडकूरकडे फिरकले नाहीत, म्हणून मीही नाही. आईचा विषय काढला की ते गोठ्याकडे निघून जातात. आता गोठ्यात म्हैसही नाही, तरी जातात.

दगडाशी माझं जमत नाही, हे इथेच लिहून ठेवतो. वेस पाडायला मला काही वाईटबिईट वाटणार नाही.

१४ मे

झालं भलतंच.

मारुतीच्या पारावर ग्रामसभा होती. मी पाडकामाची तारीख सांगायला गेलो होतो. बसतो न बसतो तोच पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा उठला, सरळ माझ्यापाशी आला आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. मी मागे सरकलो तर म्हणतो, "सरकू नगंस. कलावतीचा लेक न्हवं तू? म्या धोंडीबा, तुज्या आईचा चुलतभाऊ."

आमच्याकडे भाचा म्हणजे देव. मामा कितीही थोरला असो, भाच्याच्या पाया पडतो. आणि गावच्या लेकीचं लेकरू म्हणजे सगळ्या गावाचाच भाचा. मग काय, रांगच लागली. आयुष्यभर शिव्या खात कामं केलेला माणूस मी, लोक पाया पडायला लागल्यावर हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

सरपंच महादेवीबाईंची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. त्या गरजल्या, "भाचेबुवा, वेस पाडूनच रस्ता व्हतो का? उचलून बाजूला ठिवली तर?"

"बाई, ती काय ट्रंक हाय का, उचलून ठेवायला?"

"दगडं सुटी करून पुन्यांदा जोडता येत न्हाईत व्हय?"

"येत्यात की," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. नुकत्याच पाया पडलेल्या माणसांना नाही म्हणायला जीभ उचलेना.

ठराव झाला. रस्त्यालगत गायरानातून मारुतीकडे जाणारी जुनी गाडीवाट आहे, तिच्यावर वेस पुन्हा उभी करायची. पोळ्याला बैल वेशीखालून जातात, तर पोळ्यापर्यंत ती उभी पाहिजे. नाही झाली, तर सगळे दगड ओढ्यावरच्या पुलाच्या काठाला रचायचे. तिथे दगड लागतोच आहे, बांधकाम खात्यातले वरचे साहेब तेवढ्याचीच वाट बघत आहेत. माझ्या नावावरचं पहिलं काम, आणि ते असं गळ्यात घेतलं. सोनालीला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, पुढच्या खेपेला मी पण येते.

२१ मे

मुरुम गावाहून वैजनाथ मिस्त्री आणला. त्याने देवळांचे स्लॅब पुष्कळ ओतलेत, पण दगडी कमान कधी बांधली नाही. "माज्या बापानं बांधली असती," असं दिवसातून दहादा म्हणतो. बाप वारला आहे, त्यामुळे या माहितीचा उपयोग नाही.

दगडांवर नंबर टाकायला सुरुवात केली. डावी भिंत 'डा', उजवी 'उ', कमान 'क'. मी ऑइल पेंट आणला होता. बायकांनी हाणून पाडला. "वेस हाय, मैलाचा दगड न्हाय. जल्मभर ते आकडे बघत बसू का?" म्हणून गेरूने टाकले. गेरू पावसात जातो, तेव्हा वरून ताडपत्री टाकणार. मी सगळा विचार केलेला आहे.

डाव्या बाजूच्या दगडांवर काळ्या झळा आहेत. पूर्वी वेशीला सागवानी दारं होती, ती रझाकारांच्या धामधुमीत जळाली. कुणी जाळली यावर मात्र गावात एकमत नाही. धोंडीबामामा म्हणतो रझाकारांनी. दुसरा म्हणतो, गावातल्याच कुणीतरी घाबरून. तिसऱ्याच्या मते फौज आली तेव्हा. आपापल्या बापाने सांगितलेलं जो तो धरून बसलाय. उजव्या बाजूला गोळ्यांचे टवके आहेत, त्यात पोरं बोटं घालून बसतात.

म्हणजे लढाईत दारं गेली, वेस राहिली. भूकंपात निम्मं गाव पडलं, वेस राहिली. आता ती काढायची ती माझ्या जेसीबीने. मामाला हे बोलून दाखवलं तर म्हणाला, "मंग बरंच हाय की. परक्याच्या हातनं जाण्यापरीस भाच्याच्या हातनं गेलेली बरी."

मला ते लागलं. लागायचं काही कारण नव्हतं.

६ जून

कमान उतरवली. चेनपुली लावून, एकेक दगड. मी स्वतः दोर धरायला गेलो की कुणीतरी हातातून काढून घेतं. भाच्याला राबवलं तर मामाला पाप लागतं म्हणे. माझ्या साइटवर मीच एकटा खुर्चीवर, हातात सरबत. माझे चौघे मजूर आता मला 'भाचेसाहेब' म्हणतात, त्यांना वेगळं बघून घेणार आहे.

एक गोष्ट कळली. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवलेत, वर रुंद, खाली अरुंद. वरून भार आला की एकमेकांना आणखी घट्ट धरतात. आमच्या घराच्या भिंती म्हणजे गोल धोंडे आणि मधे पांढरी माती. हादरा बसला की धोंडे घरंगळणारच. इतकी वर्षं मी दगडाला शिव्या देत आलो. शिव्या मातीला द्यायच्या होत्या की बांधणाऱ्याला, ते आता कळत नाही.

उतरवण्याआधी फोटो काढले. जेसीबीला हार घातला होता, चांगले आले.

२७ जून

दगड गायरानात ओळीने लावलेत, ताडपत्रीखाली. नव्या जागेचा पाया भरून झाला.

सोनाली आता माझ्याबरोबर येते आणि साइटवर थांबतच नाही. भाचेसून म्हणून घरोघर ओटी भरून घेते आणि तिथेच रमते. तिला लग्नाचे अल्बम बघायचा नाद लागलाय. तेही नवे नकोत, जुनेच हवेत, भूकंपाच्या आधीचे. "काकू, अजून जुना न्हाय का? ब्लॅक अ‍ॅन्ड व्हाइट?" परक्यांच्या लग्नात एवढं काय बघायचं? परतताना गाडीत गप्प असते. विचारलं तर म्हणते, काय न्हाय, उद्या वरच्या आळीला जायचंय.

बायकांच्या चौकशांना अंत नाही.

९ जुलै

आज लिहायलाच पाहिजे. न लिहिलं तर कुणाच्या तरी अंगावर जाईन.

काल मंगळवार. मी डिझेलसाठी उमरग्याला गेलो होतो, तिथेच मुक्काम पडला. आज सकाळी गायरानात आलो तर ताडपत्री घडी घालून बाजूला ठेवलेली. दगड ओले. प्रत्येकाला हळदीकुंकू, प्रत्येकावर लिंबाचा डहाळा. नंबर एकाही दगडावर नाही. एकाही.

आखाडातल्या मंगळवारी बायका घागरी घेऊन गावच्या सगळ्या देवांना पाणी घालतात. वेशीच्या उंबऱ्याशी एक दगड लक्ष्मीआईचा होता, त्यालाही घालतात. वेस उतरवल्यावर तो दगड इतर दगडांत मिसळला. बायका आल्या, ताडपत्री काढली, तर सगळ्याच दगडांना गेरूचं तांबडं लागलेलं. तांबडा दगड म्हणजे देव, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग त्यांनी सगळ्यांवर पाणी घातलं. नुसतं घातलं नाही, हाताने चोळून आंघोळ घातली. प्रदक्षिणेला जागा हवी म्हणून गड्यांनी ओळी मोडल्या आणि दगड गोल मांडले. छान मांडले, नक्षीचे पुढे, साधे मागे. म्हणजे नंबर गेले ते गेले, ओळीही गेल्या. मला पावसाची धास्ती होती, भक्तीची नव्हती.

मी पारावर गेलो आणि ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बायका जमल्या होत्या, कुणीही उलट शब्द बोललं नाही, कारण भाचा ना मी. शेवटी लक्ष्मीबाई नावाची एक म्हातारी पुढे आली. काल पाणी घालायला पुढे तीच होती. ती खाली वाकली आणि तिने माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"बाळा," ती म्हणाली, "आईचा दगड कुठला, ते आमाला वळखू येईना. एकीला पाणी पाजावं आन एकीला तहानलेली ठिवावं का? म्हनून सगळ्यास्नी घातलं. चुकलं आसंल तर पदरात घे."

 शिव्या तोंडात होत्या त्या तशाच गिळल्या. चूक असती तर भांडता आलं असतं.

११ जुलै

मोबाइलमधले फोटो बघितले. वेशीसमोर जेसीबी, वेशीशेजारी जेसीबी, जेसीबीच्या टपावर मी. वेस कुठेच धड दिसत नाही. कौतुक माझ्या यंत्राचं चाललं होतं.

वैजनाथने दोन दगड एकमेकांवर ठेवून बघितले, बसले नाहीत. "माज्या बापानं..." म्हणाला. मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

महादेवीबाई आल्या होत्या. आवाज पहिल्यांदाच खाली. वरच्या साहेबांचा पुलाच्या दगडासाठी फोन आला होता. "पोळ्यापर्यंत वेळ हाय म्हनून सांगितलं म्या त्यान्ला. खोटं तर न्हाय बोलले न्हवं?"

मी म्हणालो, न्हाय. मला तर वाटतं, खोटंच बोलल्या. मला नुसतं काम गेल्याचं दुःख असतं तर बरं होतं. हे लोक माझ्या पाया पडले आणि मी त्यांची वेस सुटी करून चिखलात टाकली, हे काही केल्या मनातून जात नाही.

१३ जुलै

सोनाली. काय बोलावं या बाईला.

काल जेवताना म्हणाली, "तुमचे दगड कुठं कुठं व्हते ते मला ठावं हाय." मी म्हणालो, तुला कसं? तर म्हणाली, "खडकुरात नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीला जाताना कुठं थांबतो? वेशीत. फोटोवाला कुठं उभा ऱ्हातो? वेशीसमोर. या गावात वेशीत फोटो काढल्याबिगर एकबी लगीन झालेलं न्हाय. म्या दोन म्हैने बघतीये की."

मी भाकरी तशीच टाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. आमचा मोठ्ठा इंजिनियरी डोक्याचा माणूस, म्हणजे मी, आणि वेस आख्ख्या गावाच्या कपाटांत पडलेली.

"पन तू दोन म्हैने हेच बघत व्हतीस व्हय?" मी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "म्या दुसरंच कायतरी हुडकत व्हते. ते अजून घावलं न्हाय." आणि ताट उचलून आत गेली. काय हुडकत होती, ते सांगितलं नाही.

१९ जुलै

शाळेत सतरंज्या टाकल्यात. घरोघरचे अल्बम आलेत. प्लास्टिकच्या पिशव्यांतले, पातळात गुंडाळलेले, एक तर धान्याच्या कोठीत लपवलेला. गावाने गेल्या कित्येक वर्षांत एवढी करमणूक बघितली नसेल.

दगड दिसायचे तर नवरदेव आडवे येतात. बाशिंग, घोड्याची मान, करवलीचा अंबाडा, सगळं नेमकं सांध्यावर. "तुज्या बापाची टोपी जरा तिकडं असती तर 'उ'ची वळ पुरी दिसली असती," असं बायका एकमेकींना सुनावतात. जुने केस, जुन्या मिशा, बेलबॉटम बघून हसून हसून पुरेवाट. महादेवीबाईंच्या लग्नातल्या फोटोत त्या रडताना दिसतात. सगळ्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "रडत न्हवते, चप्पल हरवली व्हती."

महालिंगप्पा आणि सिद्धाराम हे सख्खे भाऊ बांधावरून दहा वर्षं बोलत नाहीत. एकाच्या अल्बममध्ये वेशीची डावी बाजू स्वच्छ आहे, दुसऱ्याच्यात उजवी. दोन्ही अल्बम एकमेकांना लावल्याशिवाय कमानीचा पाय बसेना. दोघं एका सतरंजीवर बसले, मान वळवून. दुपारी सिद्धाराम म्हणाला, "तुमचा फोटो जरा वर सरकवा." महालिंगप्पाने सरकवला. एवढंच. 

कमानीचा माथा कुठल्याच जुन्या फोटोत नाही, तिथे कायम मांडवाची झालर. तो सापडला यंदाच्या एका लग्नाच्या व्हिडिओत, ड्रोनवाल्याने वरून काढलेला. लग्नात डोक्यावर भुणभुणणाऱ्या ड्रोनवर माझा राग होता, तो आज मागे घेतला.

नवे नंबर दगडाच्या आतल्या बाजूला, ऑइल पेंटने. बायकांनी यावेळी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

२ ऑगस्ट

भिंती खांद्यापर्यंत आल्या. काळ्या झळा काळ्याला जुळतात, टवके टवक्यांना. रात्रभर पाऊस, तरी सकाळी माणसं हजर. मला अजूनही कुणी दगड उचलू देत नाही. आज मी न विचारता एक उचलला. मामाने बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली.

दुपारी सोनाली पळत आली. ही बाई कधी पळत नाही. हातात लक्ष्मीबाईंच्या दिराच्या लग्नाचा अल्बम. सगळ्यांनी तो आधी दोनदा चाळला होता, पण दगडांसाठी. तिने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. नवरदेवाच्या मागे, वेशीला टेकून, परकर-पोलक्यातली एक पोरगी. चेहरा अर्धा, कारण ती कुणाशी तरी बोलायला वळली आहे. हात मात्र दगडावर स्पष्ट.

"ही कला. तुजी आई," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "वळली न्हाय का. एका जागी थांबायचीच न्हाय ती."

सोनाली दोन महिने काय शोधत होती ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी तिला नादी म्हणालो होतो, ते मागचं पान आता फाडावंसं वाटतंय. फाडत नाही.

मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं. मामा जवळ बसून राहिला, पाठीवर हातही ठेवला नाही, नुसता बसून राहिला. मला तेच बरं वाटलं.

मोबाइलमध्ये फोटोचा फोटो काढला आणि संध्याकाळी आण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, मोबाइल परत दिला आणि गोठ्याकडे गेले. मी वाट बघितली. ते जेवायलाच परत आले.

१७ ऑगस्ट

आज कमान जोडली. खाली लाकडी सेंटरिंग, त्यावर दोन्हीकडून पाचरी चढवत आणल्या. मधला शेवटचा, फूल कोरलेला दगड बसेना, बोटभर मोठा. वैजनाथ घासायला निघाला तेव्हा लक्ष्मीबाई ओरडल्या, "उलटा धरलाय त्यो! फुलाचं त्वांड खाली पायजे." फिरवला. बसला.

वैजनाथने वर बघितलं. मग म्हणाला, "माज्या बापानंबी आशीच बांधली असती." मी म्हणालो, त्यापरीस बरी बांधली तू. त्याने नाक पुसलं आणि मजुरांवर खेकसला.

आता सेंटरिंग काढायचं. ते काढलं की कळणार, कमान स्वतःच्या पायावर उभी राहते की नाही. 

२० ऑगस्ट

सेंटरिंग काढलं.

रीत अशी की टेकू निघताना बांधणाऱ्याने खाली उभं राहायचं. वैजनाथ तयार होता. मी म्हणालो, ठेका माझ्या नावावर हाय, मी उभा राहतो. गावात हाहाकार. धोंडीबामामा आडवा आला. "भाच्याला दगडाखाली उभा करून आमी बघत बसू? कलाला काय त्वांड दावू?" तो स्वतः जाऊन उभा राहिला. त्याला बघून महादेवीबाई गेल्या. मग महालिंगप्पा, त्याच्या मागे सिद्धाराम. थोड्या वेळाने बघतो तर निम्मं गाव कमानीखाली आणि भाचा बाहेर, उन्हात.

हा काय प्रकार, असं म्हणत मी आत घुसलो. सोनालीने दंड धरला आणि तीही आली.

वैजनाथने पाचर ठोकली. लाकडं एकेक सुटली. वर कुठेतरी करकर आवाज आला, चुन्याची पूड आमच्या डोक्यांवर पडली. माझे डोळे मिटले होते. मी काय केलं ते खरं लिहितो, दोन्ही हातांनी सोनालीचं डोकं झाकलं. मग काहीच झालं नाही. डोळे उघडले तर वर दगड होते, एकमेकांना धरून, गप्प.

पहिल्यांदा लक्ष्मीबाई बोलल्या. म्हणाल्या, "चला, पुरनाची डाळ निवडायची हाय माजी." आणि सगळे हसत सुटले.

२२ ऑगस्ट, पोळा

बैल आता गावात थोडेच राहिलेत. ते गेले, पाटलाचे आधी, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. मागून ट्रॅक्टर, त्यांनाही माळा. महादेवीबाईंनी माझ्या जेसीबीलाही ओवाळलं. जेसीबी वेशीत मावत नाही, बाहेरूनच नमस्कार केला. बाजूच्या नव्या रस्त्यावरून एक रिकामी ट्रॉली न थांबता निघून गेली. ड्रायव्हरने वेशीकडे बघून हॉर्न वाजवला.

वैजनाथने मला बाजूला घेतलं. तोंड पांढरं पडलेलं. गायरानात झुडपाखाली एक दगड शिल्लक होता. घडवलेला, चौकोनी. नंबर नाही, कुठल्याच फोटोत नाही. म्हणजे वेशीत कुठेतरी त्याची जागा आम्ही दुसऱ्यालाच दिली. मी दोनदा फिरून बघितलं, फट कुठेच दिसत नाही.

मी जाऊन मामाला खरं ते सांगितलं. पुन्हा उकलावी लागेल का, असंही विचारलं. मामाने दगडाकडे बघितलं, वेशीकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला.

"भाचा माघारी निघालाय," तो म्हणाला. "रिकाम्या हातानं धाडायचा का त्याला?"

मी म्हणालो, अहो मामा, धोतर-टोपी देत्यात भाच्याला, धोंडा न्हाय.

"टोपी फाटतीया," मामा म्हणाला.

२३ ऑगस्ट

काल संध्याकाळी दगड जेसीबीच्या बादलीतून घरी आणला. आमच्या नव्या, पुनर्वसनाच्या गावात सगळी घरं सिमेंटची आणि पत्र्याची. शेजारी बाहेर येऊन बघू लागले. भूकंपानंतर या गल्लीत कुणी दगड आणलेला नाही. सोनालीने तो दारासमोर, नळाच्या बाजूला ठेवायला लावला. आण्णा घरी नव्हते. दगड बघून ते काय म्हणतील, मला रात्रभर तीच धास्ती.

सकाळी उठून बघतो तर आण्णा त्याच्यासमोर उभे. हातात काठी. मी चूळ भरायची विसरून तिथेच थांबलो.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

"खडकूरचा. वेशीचा."

त्यांनी काठीने दगडाला टोकलं. मला वाटलं, आता गोठ्याकडे जातील. पण ते वळले, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली आले आणि दगडावर बसले.

"तिला बघायला गेलतो तवा जीप वेशीत उसाच्या ट्रॉलीमागं अडकली," आण्णा म्हणाले. "डायवर म्हनला, ह्यातनं जायची न्हाय, माघारी फिरू. पावनेबी म्हनले, अपशकुन हाय, फिरू."  गल्लीतून दुधवाला गेला, त्याला त्यांनी मान हलवली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? म्या उतरलो आन चालत गेलो."

एवढं बोलून त्यांनी आत हाक मारली आणि सोनालीला चहा तिथेच, दगडावर, आणून द्यायला सांगितला.